मूत्रपिंड प्रत्यारोपण, वाढलेले वजन आणि कर्करोग: वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेने धोका किती कमी होतो?

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाचे वजन फार वाढले असेल, तर वजन घटवण्याची म्हणजेच बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया केल्याने त्याचा कर्करोगाचा धोका कमी होतो का? हा प्रश्न ऐकायला एकच वाटतो, पण त्यात दोन वेगळे धोके एकमेकांत मिसळले आहेत. एक धोका शरीरातल्या जादा चरबीमुळे येतो आणि दुसरा, नवे मूत्रपिंड टिकावे म्हणून आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या औषधांमुळे. पहिला धोका शस्त्रक्रियेने कमी होऊ शकतो. दुसऱ्यावर तिचा थेट परिणाम होण्याचे कारण नाही. हे वेगळेपण नीट ध्यानात घेतले नाही, तर रुग्ण एक तर खोट्या आशेवर शस्त्रक्रिया करून घेतो किंवा खोट्या भीतीने ती टाळतो, आणि दोन्ही बाबतींत नुकसान त्याचेच होते.

आधी औषधांचा भाग पाहू. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीरात बसवले की आपली प्रतिकारशक्ती त्याला परके समजून नष्ट करू पाहते. ते होऊ नये म्हणून बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधे एकत्र दिली जातात. त्यांच्यामुळे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी मंदावतात. मात्र याच पेशी शरीरात रोज तयार होणाऱ्या बिघडलेल्या पेशी ओळखून काढून टाकतात आणि वर्षानुवर्षे अंगात दडून बसलेल्या विषाणूंनाही आवरून धरतात. त्या मंदावल्या की एप्स्टाइन-बार विषाणूमुळे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, होऊ शकतो, ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा आणि गुदद्वाराचा कर्करोग होऊ शकतो, आणि हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर यकृताचा. अमेरिकेत १९८७ ते २००८ या काळात झालेल्या १,७५,७३२ अवयव प्रत्यारोपणांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदवह्यांशी जोडून पाहणारा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली निम्म्याहून अधिक प्रत्यारोपणे मूत्रपिंडाची होती. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत या रुग्णांमध्ये कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. लिम्फोमाच्या मुख्य प्रकाराचे प्रमाण साडेसात पट, मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे साडेचार पटींहून अधिक आणि ओठाच्या कर्करोगाचे तर सोळा पटींहूनही अधिक होते. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग मात्र वाढलेला दिसला नाही. याचा अर्थ असा की प्रत्यारोपणाने सगळेच कर्करोग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. ज्यांच्यामागे विषाणू किंवा सूर्यप्रकाशासारखे कारण असते, ते विशेष वाढतात.

त्वचेच्या कर्करोगाबद्दल इंटरनेटवर जे आकडे दिसतात ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या लोकांचे आहेत. आपल्याकडे तो बराच कमी आढळतो. म्हणून पुण्यातल्या रुग्णाने ते आकडे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, तरीही दुपारच्या उन्हात बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, ही दुचाकीवाल्या पुणेकरांना अंगवळणी पडलेली सवय या रुग्णांनी मुद्दाम टिकवावी. त्याहून महत्त्वाचे आहे तंबाखू सोडणे. मशेरी, गुटखा, तंबाखू-चुना यांनी तोंडाच्या कर्करोगाचा जो धोका आधीच असतो, त्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची भर पडते, आणि हा धोका वजन कितीही उतरवले तरी तिथेच राहतो.

आता वजनाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला आणि एकूण १३ प्रकारच्या कर्करोगांचा लठ्ठपणाशी संबंध पुरेसा सिद्ध झाल्याचे सांगितले. मोठे आतडे, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, गर्भाशयाचे अस्तर, अंडाशय, थायरॉइड, पाळी थांबल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग हे त्यांतले काही, आणि खुद्द मूत्रपिंडाचा कर्करोगही त्या यादीत आहे. पोटाभोवतीची चरबी ही नुसती साठवण नसते. ती इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करते, शरीरात सौम्य पण सततचा दाह धुमसत ठेवते आणि रक्तातले इन्सुलिन वाढवते. इन्सुलिन पेशींना वाढण्याचा संदेश देणारे संप्रेरक असल्यामुळे ते वर्षानुवर्षे चढे राहिले की पेशींच्या विभाजनाला सतत प्रोत्साहन मिळते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग लठ्ठ स्त्रियांमध्ये एवढा अधिक का आढळतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी या जादा इस्ट्रोजेनमध्ये आहे.

प्रत्यारोपणानंतर वजन वाढणे ही अपवादाची गोष्ट नाही. डायलिसिसच्या काळात पाणी मोजून प्यायचे, केळे नाही, नारळपाणी नाही, डाळ-भाजीही बेताने, असे पथ्य पाळलेल्या माणसाचे नवे मूत्रपिंड काम करू लागते तेव्हा तोंडाची गेलेली चव परत येते. प्रेडनिसोलोनमुळे भूकही वाढते, आणि घरातले लोक प्रेमाने आग्रह करतात, "आता पथ्य सुटलं ना? मग घे की अजून एक पुरणपोळी." ज्या आईने किंवा पत्नीने स्वतःचे मूत्रपिंड दिले तिने ताटात वाढलेले नाकारणे कुणाला जमणार? आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणे जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या मूत्रपिंडावर होतात, त्यामुळे हा आग्रह फार खरा असतो. पहिल्या वर्षातच कित्येकांचे वजन पाच ते दहा किलोंनी वाढते. शिवाय टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड या दोघांमुळेही साखर वाढू शकते, म्हणून आधी मधुमेह नसलेल्या माणसालाही प्रत्यारोपणानंतर तो होऊ शकतो, आणि वजन त्याला हातभार लावते.

पुण्यात मुळा आणि मुठा या नद्या संगमावर एकत्र येतात. खडकवासला धरणातून मुठेत सोडलेले पाणी बंद केले तर मुठेची पातळी उतरते, आणि त्याचा फरक संगमाच्या खाली बंडगार्डनलाही जाणवतो, पण मुळेला पूर असेल तर बंडगार्डनचे पाणी पुरते ओसरत नाही. प्रत्यारोपित रुग्णाच्या कर्करोगाच्या एकूण धोक्याचे तसेच आहे. वजनाकडून येणारा ओघ आटवता येतो, औषधांकडून येणारा चालूच राहतो.

अभ्यास काय सांगतात

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेने कर्करोग कमी होतो का, हे प्रामुख्याने प्रत्यारोपण न झालेल्या लोकांत तपासले गेले आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे २,००० आणि न झालेले तितकेच लठ्ठ लोक होते. त्याचे कर्करोगाविषयीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते, पुरुषांत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा ३०,३१८ लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनंतर लठ्ठपणाशी निगडित कर्करोगाचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत २.९ टक्के आणि न झालेल्यांत ४.९ टक्के होते. दहा वर्षांनी शस्त्रक्रिया गटाचे वजन सरासरी साडेसत्तावीस किलोंनी उतरलेले होते, तर दुसऱ्या गटाचे तीन किलोंनीही नाही. सर्वांत ठळक फरक गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात दिसला.

असे आकडे वाचताना माझा एक आग्रह असतो. दोन गटांतले इतर फरक जमेस धरून काढलेले "धोका ३२ टक्क्यांनी कमी झाला" हे क्लीव्हलँडच्या अभ्यासाचे वाक्य खरे आहे, पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्थ असा की १०० जणांमागे दहा वर्षांत पाचांऐवजी तिघांना हा कर्करोग झाला. फरक महत्त्वाचा आहे, पण तो दोन जणांचा आहे, आणि उरलेल्या तिघांना शस्त्रक्रिया होऊनही कर्करोग झालाच. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून सांगितले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

हेच निष्कर्ष प्रत्यारोपित रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. या रुग्णांचे जुने दप्तर तपासून ज्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ज्यांची झाली नाही अशांची तुलना करता येते, परंतु अशा तुलनेत काही सापळे असतात. समजा एखाद्याचे प्रत्यारोपण २०१२ मध्ये झाले आणि वजन घटवण्याची शस्त्रक्रिया २०१७ मध्ये झाली. ती शस्त्रक्रिया होण्यासाठी त्याला मधली पाच वर्षे जिवंत आणि कर्करोगाशिवाय राहावेच लागले, कारण त्या काळात कर्करोग झाला असता तर शल्यविशारदाने त्याला टेबलावर घेतलेच नसते. ही पाच वर्षे शस्त्रक्रियेच्या खात्यावर जमा केली, की शस्त्रक्रिया आहे त्याहून गुणकारी दिसू लागते. दुसरे म्हणजे, शस्त्रक्रियेसाठी निवडला जाणारा रुग्ण मुळातच धडधाकट, तपासण्या वेळेवर करणारा आणि खर्च झेपणारा असतो. शस्त्रक्रियेआधी त्याची एंडोस्कोपी होते, सोनोग्राफी होते, आणि लपलेली गाठ तिथेच सापडली तर तो यादीतूनच गळतो. तिसरे, औषधांमुळे होणारे लिम्फोमा किंवा त्वचेचे कर्करोग एकाच आकड्यात लठ्ठपणाच्या कर्करोगांबरोबर मोजले, तर शस्त्रक्रियेचा खरा परिणाम त्या बेरजेत बुडून जातो. म्हणून "कर्करोग एकूण किती कमी झाले" यापेक्षा "कोणते कर्करोग कमी झाले" हा प्रश्न विचारणे जास्त उपयोगाचे आहे.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. इंग्लंडमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास या प्रकारच्या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढल्याचे आढळले होते. पुढे फ्रान्समधल्या देशव्यापी अभ्यासात तसे दिसले नाही. तिथे शस्त्रक्रिया झालेल्यांचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येइतकाच होता. या मतभेदाचा व्यवहारातला अर्थ साधा आहे, की मोठ्या आतड्याची तपासणी शस्त्रक्रियेनंतर सोडून द्यायची नाही.

कोणती शस्त्रक्रिया, आणि कधी

प्रत्यारोपित रुग्णांत स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीला सहसा अधिक पसंती मिळते. तिच्यात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेले जठर अरुंद नळीसारखे ठेवतात आणि आतड्यांना हात लावत नाहीत. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. त्यामुळे स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, ते कॅल्शियमला धरून ठेवतात, आणि एरवी कॅल्शियमबरोबर शौचावाटे निघून जाणारे ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन लघवीत उतरते. त्याचे खडे होतात, आणि कधी ते स्फटिक मूत्रपिंडातच साचून त्याचे काम बिघडवतात. ज्याचे एकच मूत्रपिंड चालू आहे आणि तेही कुणीतरी दिलेले आहे, त्याच्यासाठी हा धोका किरकोळ नाही. स्लीव्हचा दोष वेगळा आहे. तिच्यानंतर आम्लपित्त आणि छातीत जळजळ वाढू शकते. ती वर्षानुवर्षे राहिली तर अन्ननलिकेच्या आतल्या आवरणात बदल होतात आणि त्यातून कर्करोगाची शक्यता निर्माण होते. म्हणून आधीपासून तीव्र रिफ्लक्स, म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास, असलेल्या रुग्णाबाबत स्लीव्हचा निर्णय एंडोस्कोपी पाहूनच घ्यावा, आणि शस्त्रक्रियेनंतरही ठरावीक वर्षांनी एंडोस्कोपी करावी.

सर्वांत नाजूक बाब औषधांच्या पातळीची. टॅक्रोलिमस कमी पडले तर शरीर मूत्रपिंड नाकारते, जास्त झाले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते आणि प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त दाबते. जी दाबली जाऊ नये म्हणून कर्करोगाच्या दृष्टीने आपण धडपडतो, तीच. प्रत्यारोपणाच्या ओपीडीत लेव्हलच्या, म्हणजे रक्तातली ही पातळी तपासण्याच्या, दिवशी सकाळी बसलेले रुग्ण पाहिले तर प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये एक छोटी डबी असते. "काका, सकाळची गोळी घेतली नाहीत ना अजून?" असे सिस्टर प्रत्येकाला विचारतात, रक्त काढतात, आणि मगच डबी उघडते, कारण ही पातळी पुढचा डोस घेण्याच्या लगेच आधी मोजायची असते. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर जठराचा आकार, अन्न पुढे सरकण्याचा वेग आणि शरीराचे वजन हे सगळेच बदलत असल्याने ही पातळी कुठल्याही दिशेला सरकू शकते. बायपासनंतर काहींना पूर्वीपेक्षा मोठा डोस लागतो, तर स्लीव्हनंतर तोच डोस जास्त ठरू शकतो. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत लेव्हल वारंवार तपासावी लागते, आणि ज्या गावी ही तपासणी होत नाही तिथून आलेल्या रुग्णाने हे आधीच ठरवून ठेवावे की रक्त कुठे द्यायचे आणि रिपोर्ट कुणाला पाठवायचा.

पाणी हा दुसरा मुद्दा. लहान झालेल्या जठरात एका वेळी दोन-चार घोटच मावतात, उलट्या झाल्या तर तेही टिकत नाहीत, आणि पाणी कमी पडले की क्रिएटिनिन, म्हणजे प्रत्यारोपित मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा, चढते. दुखते म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेणे या काळात विशेष घातक ठरते. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांची कमतरता होऊ नये म्हणून पूरक गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि शाकाहारी घरात प्रथिनांचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून करून घ्यावा लागतो.

शस्त्रक्रिया प्रत्यारोपणाआधी करावी की नंतर? १५८ सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० किलो वजनाच्या बाईंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३६ येतो. एवढ्या वजनावर प्रत्यारोपणाची जखम उशिरा भरणे, जंतुसंसर्ग होणे आणि नवे मूत्रपिंड उशिरा सुरू होणे यांची शक्यता वाढते, म्हणून कित्येक केंद्रे आधी वजन उतरवा असे सांगतात. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र केवळ लठ्ठपणा आहे एवढ्यावरून कुणाला प्रत्यारोपण नाकारू नये, वजन कमी करण्यासाठी मदत द्यावी, अशी भूमिका घेतली आहे. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे पुण्यात सगळे ज्याला झेडटीसीसी म्हणतात त्याच्या, यादीत नाव असेल, तर प्रतीक्षेचा काळ वजन उतरवण्यासाठी वापरता येतो. माझ्या मते शक्य असेल तिथे आधी करणे श्रेयस्कर आहे. तेव्हा टॅक्रोलिमसच्या पातळीची चिंता नसते आणि जखम भरण्याच्या आड स्टेरॉइड येत नाहीत. डायलिसिसवरच्या रुग्णाचा रक्तदाब एकदम उतरून फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी, बंद पडणार नाही, एवढी काळजी मात्र त्या काळात घ्यावी लागते. आपल्याकडे चरबी पोटावर लवकर साचते, म्हणून आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ बीएमआयपासून करावा, असे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात. डायलिसिसच्या रुग्णात अंगात साचलेले पाणीही वजनात मोजले जाते, हे विसरू नये. बीएमआय पाहायचा तो डायलिसिस झाल्यानंतरच्या कोरड्या वजनावर.

शस्त्रक्रिया झाल्यानंतरही चालू ठेवायच्या गोष्टी

वजन उतरले म्हणून कर्करोगाच्या तपासण्यांची वही बंद करता येत नाही. स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी, शरीरात राहिलेल्या जुन्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी, तोंडाच्या आतून पाहणी आणि त्वचेवरच्या न भरणाऱ्या जखमेकडे लक्ष, हे सगळे चालूच राहते. जुनी मूत्रपिंडे सहसा काढून टाकलेली नसतात. डायलिसिसच्या काळात त्यांत पाण्याच्या गाठी झालेल्या असू शकतात आणि कर्करोग कधी-कधी तिथेच उगवतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरची लस जिवंत विषाणूची नसते, त्यामुळे प्रत्यारोपणानंतरही ती देता येते, परंतु प्रतिकारशक्ती दाबण्याआधी दिली तर ती अधिक चांगली काम करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा प्रत्यारोपणाच्या तयारीत असलेल्या तरुण मुला-मुलींच्या पालकांनी तिच्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. न ठरवता वजन उतरणे हे एरवी कर्करोगाचे लक्षण असते, आणि नुकतीच बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसात ते लक्षण निरुपयोगी होते, कारण वजन उतरतेच आहे. साधारण वर्ष-दीड वर्षाने वजन एका पातळीवर स्थिरावते. त्यानंतर ते पुन्हा घसरू लागले, किंवा रात्री घाम येणे, मानेत वा काखेत गाठ लागणे, अकारण ताप राहणे असे काही झाले, तर "शस्त्रक्रियेमुळे असेल" म्हणून थांबू नये. तरुण स्त्रियांत वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, आणि मायकोफेनोलेट गर्भाला अपाय करते. त्यामुळे गर्भनिरोधनाची चर्चा शस्त्रक्रियेआधीच झाली पाहिजे.

औषधांच्या बाजूनेही काही करता येते का, असे कुणी विचारील. सिरोलिमस नावाचे, प्रतिकारशक्ती दाबणारेच एक औषध पेशींची वाढ रोखते, आणि २०१२ मधल्या एका चाचणीत ज्यांना आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेला होता अशा प्रत्यारोपित रुग्णांत आधीचे औषध बदलून ते सुरू केल्यानंतर त्वचेचे नवे कर्करोग कमी झाले. पण ते जखम लवकर भरू देत नाही, म्हणून कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेच्या आसपास ते टाळले जाते. शिवाय अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात सिरोलिमस घेणाऱ्यांत कर्करोग कमी पण मृत्यू अधिक आढळले. त्यामुळे औषध बदलण्याचा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञाचाच असावा. वजन कमी करणाऱ्या आठवड्याच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात वजनासाठी उपलब्ध झाली. सेमाग्लुटाइडने मधुमेही रुग्णांत मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, हे २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत दिसले. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णासाठी हा पर्याय डॉक्टरांशी बोलून पाहण्यासारखा आहे. मात्र ही इंजेक्शनेही जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, तेव्हा ती सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवताना टॅक्रोलिमसची लेव्हल आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्यावे.